पुढचं दार आधी

तात्यांना गाडीत घ्यायचं तर एक अट पाळावी लागते. कालव्याचा पूल आला की सगळ्यांनी तोंडं मिटायची. "मास्तर, आवाज बंद!" असं म्हणून तात्या फोन कानाला लावतात, डोळे मिटतात आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागतात. एक, दोन, तीन... बाराला थांबले तर स्वारी खूश. सोळाच्या पुढं गेले तर काटेवाडी येईपर्यंत त्यांच्याशी बोलायची सोय नाही.

मी इंदापूरच्या शाळेत शिकवतो, राहतो काटेवाडीत. वर्षापूर्वी तात्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं आणि घराबरोबर तात्याही पदरात पडले. हे जन्मभर कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे पाणी पाळीनं ज्याच्या त्याच्या रानात सोडणारे. आता रिटायर. दर शनिवारी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, गळ्यात दोन फोन, एक काळ्या दोरीचा, एक लाल. काम काय, तर फोन एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जाताना मध्ये आवाज किती वेळ मरतो ते मोजायचं. सांगितलंय कुणी? कुणीच नाही!

"ह्यो फोन लई मायाळू," ते म्हणतात. "मागला टॉवर लांब गेला तरी सोडवत न्हाय त्याला. तुटंस्तवर धरून बसतोय, मग नवा हुडकाय लागतोय. रानात पाणी देताना आसं चालंल का? आदी पुढच्या वाफ्याचं दार फोडावं, मग मागलं बांधावं. मागलं आदी बांधलं की पाणी तुंबतंय आन् पाट फुटतोय. बारक्या पोराला कळतंय, ह्या कंपनीवाल्यांना कळंना!"

मोजायचं तर पलीकडं कुणीतरी बोलत पाहिजे. त्यासाठी ते कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावतात आणि 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या बाईचा आवाज ऐकत बसतात. ती थकत नाही, काही विचारत नाही. चुकून जिवंत माणूस लाइनवर आलं की तात्या वैतागतात. "तुमी नका बोलू ताई, ती मगाची द्या!"

आवाज मरतो तिथल्या झाडाला नाहीतर दगडाला ते चुन्याची फुली मारतात. एका टपरीवाल्याला वाटलं, अतिक्रमणात आपली टपरी जाणार. त्यानं तात्यांना महिनाभर फुकट चहा पाजला आणि तात्या तो निमूट प्याले. कंपनीला अर्जही गेला होता, "महोदय, आपला टॉवर पाळी पाळत नाही, तरी चौकशी होऊन..." उत्तरादाखल तात्यांना एक कॉलर ट्यून बक्षीस मिळाली.

एवढंही चाललं असतं हो. पण परत येताना गाडी थांबवून काहीतरी विकत घेणं, ते मात्र डोक्यात जायचं. कधी निमगावची विड्याची पानं, कधी लसूण, कधी चाळण. एकदा तर हिरव्या बांगड्या! बायको जाऊन दोन वर्षं झालेल्या माणसाला बांगड्या कशाला? मी विचारलंच. "आसू द्या," म्हणाले. म्हातारा जरा सरकलाय, असं मी मनात ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सुनंदाच्या माहेरून, इंदापुराहून, आम्ही परत निघालो होतो. मागं सुनंदा, तिच्या मांडीवर आमची दोन वर्षांची चिऊ, अंगात ताप. पुढं तात्या. निमगाव सोडलं आणि सुनंदा किंचाळली. चिऊचे डोळे पांढरे झाले होते, हातपाय ताठ, सगळं अंग झटके देत होतं.

सुनंदानं बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, घेऊन या, मी लाइनवर आहे. तेवढ्यात तात्यांनी मागं वळून तिच्या हातातली दवाखान्याची फाइल ओढली. आत्ता ह्यांना फाइल वाचायची होती! शिवी माझ्या ओठांवर आली होती. तात्यांनी लाल फोनवर फाइलवरचा दवाखान्याचा दुसरा नंबर लावला आणि सुनंदाच्या फोनात तोंड घालून ओरडले, "डाक्टरसाहेब, पूल येतुय! ह्यो आवाज मरंल. तुमच्या टेबलावरचा फोन वाजतुय, त्योबी उचला!"

"तिला कुशीवर वळवा," डॉक्टर सांगत होते, "आणि हे बघा, तोंडात चमचा..."

आवाज गेला. पूल आला होता.

चमचा काय? घालायचा की नाही? आमच्याकडं फिट आली की दातखीळ सोडवायला चमचा घालतात, नाकाला कांदा लावतात. मी लहानपणापासून हेच बघत आलोय. सुनंदानं डब्यातला चमचा काढलासुद्धा. "घाल, घाल लवकर!" मी ओरडलो. मास्तर म्हणवतो स्वतःला!

तात्यांनी मागं झुकून तिचं मनगट धरलं आणि लाल फोन तिच्या कानाशी नेला.

"...घालू नका! ऐकताय ना? तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, पाणी नको. कांदाबिंदा काही नको. कपडे सैल करा आणि घड्याळ बघा."

सुनंदाच्या हातातून चमचा खाली पडला. मला समोरचा रस्ता धूसर दिसत होता.

"लाल पुलावर मरत न्हाय," तात्या पुटपुटत होते. "ह्याची कंपनी वायली. ह्यो वडाच्या फुलीवर मरतोय." वड दिसायच्या आधीच त्यांनी काळ्या फोनवर डॉक्टर धरले. वडापाशी लाल मेला, काळा बोलत राहिला. पुढं परत लाल. प्रत्येक वेळी तेच, "आदी पुढचं दार, मग मागलं." डॉक्टरांचा एक शब्दही वाया गेला नाही. भवानीनगरच्या अलीकडं चिऊचं अंग सैल पडलं आणि ती रडायला लागली. "रडतेय? उत्तम. रडू द्या," डॉक्टर म्हणाले. मग मीही रडलो, गाडी चालवता चालवता.

संध्याकाळी दवाखान्यात चिऊ शांत झोपली, तेव्हा लक्षात आलं की तात्या कुठं दिसत नाहीत. थोड्या वेळानं आले. हातात सुयांचं पाकीट.

"तात्या, आज तरी..." माझा आवाज चढला. "सुया कशाला?"

ते बाकावर टेकले. "मंडळी हितंच बारामतीत ॲडमिट हुती. मी इंदापूरला कामाला गेल्तो, यष्टीनं परत येत हुतो. तिचा फोन आला. 'येताना,' म्हणली आन् पुलावर आवाज गेला. सतरापतूर मोजलं मी. परत लागला तवा नर्सबाईंनी उचलला." त्यांनी लाल दोरी बोटाला गुंडाळली. "ह्यो तिचाच फोन. येताना काय आणू, कळलंच न्हाय. म्हून एकेक आणून फोटूम्होरं ठेवतो. सुया ऱ्हायल्या हुत्या."

वर्षभर ह्या माणसाला मी मनातल्या मनात हसत होतो, ह्याची लाज वाटली.

सुनंदा चिऊच्या अंगावरची चादर सारखी करत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "आजारी बाई सुया कशाला मागेल, तात्या? येताना जपून या, म्हणाल्या असतील. मी ह्यांना रोज तेच म्हणते."

तात्या पाकिटाकडं बघत राहिले. "व्हय?" म्हणाले. मग पाकीट खिशात घातलं. "तसंबी आसंल. तिला माझ्या यष्टीची लई धास्ती."

पुढच्या शनिवारी ते गाडीत बसले. जाताना पूल आला, आकडे मोजून झाले, चौदा. परत येताना निमगावात गाडी थांबवायला लावलीच. मी कपाळाला हात लावला. तात्या उतरले आणि राजगिऱ्याचे दोन लाडू घेऊन आले.

"हे तिला न्हाय. चिऊला," म्हणाले. मग सीटवर नीट बसले. "आन् मास्तर, जरा दमानं चालवा. घरची वाट बघत आसत्यात."