यानात पोछा कोण मारतं?

पडद्यावर अंतराळयान आलं, की मनोहरभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, ह्या येवढ्या मोठ्या जहाजात पोछा कोन मारते?"

पृथ्वी फुटायच्या बेतात असते, नायक घामाघूम झालेला असतो, आणि आमचे मनोहरभाऊ त्या चकचकीत फरशीकडे बोट दाखवत उभे. उभेच! दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे हिंदीत डब केलेला सिनेमा बघायला येतात, पण खुर्चीत बसतील तर शपथ. टीव्हीपासून दारापर्यंत, दारापासून टीव्हीपर्यंत. मध्येच अंगणात जाऊन हायवेकडे नजर टाकून येतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला ग्रह बघायचे असतात. पण समोर हा माणूस येरझारा घालत असला, की अर्धे ग्रह त्याच्या पाठीमागे जातात.

कारंज्याला हायवेवर भाऊंचं पंक्चरचं दुकान आहे. निम्मं आयुष्य देशभरच्या ट्रकवाल्यांशी हिंदीत हुज्जत घालण्यात गेलं. मुलगा नीलेश, माझा जुना विद्यार्थी, आखातात वेल्डर आहे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि सुट्टी साहेबाच्या मर्जीवर. आई गेली तेव्हाही त्याला येऊ दिलं नाही. तेव्हापासून भाऊंना एकच घोर, पोरगा घरी कधी येतो. आणि परग्रहांचं हे वेडही तेव्हापासूनचंच.

एका सिनेमात श्रीमंत लोक आकाशातल्या शहरात राहत होते. मजूर खालून वर कामाला जायचे, अंधार पडला की त्यांना हाकलून फाटक बंद. मी म्हटलं, "काय कल्पना आहे, नाही भाऊ?"

"कल्पना कायची? नीलेशचा कॅम्प बी शहराच्या बाहीरच हाये."

दुसऱ्या एका सिनेमात पृथ्वीवर अडकलेल्या परग्रहवासीयांना काटेरी तारेच्या आत डांबलं होतं. हिरवट कातडी, तीन बोटं, छातीवर नंबर. माझी बायको किंचाळली. भाऊ भडकले, पण भलत्याच गोष्टीवर. "नाव काऊन नाई इचारत कोनी त्याहिले? मायबापानं काही तं ठेवलं असन!"

तिसऱ्यात मंगळावरच्या खाणीतून नायक एकटा परतला. इकडे बँड, फुलं, बायकोचे अश्रू. मी रुमाल काढणार, तोच भाऊ म्हणाले, "अन् बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"खान खोदनारे, सर. ते वापस आले काय?"

"सिनेमावाल्यांना विचारा!" मी रिमोट आपटला. हा माणूस एकाही सिनेमात धड रडू देत नाही.

मागच्या महिन्यात असाच सिनेमा चालू असताना भाऊंचा फोन वाजला. भाऊ फोन नेहमी स्पीकरवरच लावतात, त्यामुळे आमच्यासकट शेजारच्या दोन घरांनी ऐकलं. नीलेशच्या खोलीतला बिहारी सोबती बोलत होता. "चाचा, नीलेश की तो छुट्टी हो गई. परसों घर आ रहा है."

भाऊ दारापर्यंत गेले, परत आले. मग हसले. "सुट्टी भेटली पोट्ट्याले!"

गल्लीत आनंदीआनंद. मी पेढे आणले. भाऊंच्या पायाला तर भिंगरीच लागली. घर झाडलं, गादीला ऊन दाखवलं, दुकानाकडे फिरकलेही नाहीत. कोणीतरी बँड सांगू म्हणालं, तेव्हा मात्र एकदम तुटून पडले. "बँड नाई पायजे!" मला ते जरा विचित्र वाटलं.

बसस्टँडवर सगळी गल्ली हार घेऊन हजर होती. नागपूरची गाडी यायची होती. मी सहज विचारलं, "भाऊ, किती दिवसांची सुट्टी आहे?"

त्यांनी माझा दंड धरून मला रसवंतीच्या आडोशाला नेलं.

"सर, ट्रकचा मालक ड्रायव्हरची छुट्टी करते म्हन्जे काय करते?"

हिंदीतली ती 'छुट्टी' आत्ता माझ्या डोक्यात शिरली.

"कामावरून काढलं त्याले. मले फोनवरच समजलं."

"मग पेढे वाटले ते?"

"गल्लीले सुट्टीच वाटली. मंग मी बी तसंच म्हनलं, वाटू द्या. तो कसा बी येऊन राह्यला, येऊन राह्यला ना! पन येवढ्या लोकाइत त्याची मान खाली नाई जाले पायजे, सर. तुमी बी सुट्टीच म्हना."

गाडी लागली. नीलेश उतरला, वाळलेला, खांद्यावर एकच बॅग. समोर हार घेतलेली माणसं बघून तो पायरीपाशीच थबकला. आणि एरवी येरझारा घालणारे भाऊ जागचे हलेनात. मग मीच पुढे झालो आणि वर्गात काढतो तो आवाज काढला. "ये रे नीलेश! या खेपेला सुट्टी लंबी घेतली ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बापाकडे. भाऊंनी त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लंबी हाये, सर. चांगली लंबी हाये."