जावयाचा हात आणि मोसंबीचं मशीन

मशीन कोणतंही असो, मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय! चिकलठाण्याच्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मोटारीचा नुसता आवाज ऐकून आतलं दुखणं सांगतो. त्यामुळं डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून मला गाजर-बिटाचा रस प्यायला सांगितला, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे म्हणालो, "आशा, ज्यूसर मी निवडणार. पाच मिनिटांचं काम!"

"ओट्यावर मावेल असाच आणा," आशा म्हणाली. तिला माझी पाच मिनिटं चांगली माहीत आहेत.

त्यातच धोंड्याचा महिना लागला. हा अधिक महिना म्हणजे आम्हा जावयांची चंगळ! सासुरवाडीनं जेवू घालायचं, वर वाण द्यायचं. माझे सासरे काकासाहेब, त्यांना मी मामा म्हणतो, करमाडहून चांदीचा दिवा घ्यायच्या तयारीनं आले. आशा म्हणाली, "आबा, दिवा नको. ह्यांना रसाचं मशीन घ्या."

"वाणात मशीन?" मामांचा चेहराच पडला. पण जावयाच्या रक्ताचा प्रश्न! उपरणं झटकून उठले. "चला जावईबापू. तुमी पसंत करा, म्या घेतो."

मामांचं सगळं आयुष्य बैलबाजारात गेलंय. शब्दाला एकदम पक्के. घरी हौशा नावाचा बैल आहे, त्याच्यावर भारी जीव. पोरीच्या लग्नात मामांच्या डोळ्यात टिपूस आलं नाही, पण हौशाच्या खुरात काटा मोडला तेव्हा ढसाढसा रडले होते!

औरंगपुऱ्यात गयासभाईचं दुकान गाठलं. गयासभाईनं ज्यूसर समोर ठेवला. मामांनी झाकण उघडलं आणि आतल्या पात्यावर बोट फिरवून बघितलं.

"दात कवळे हायेत. घरी जुंपून बघू. खोड निघाली तर परत!"

"काका, गॅरंटी आहे ना! बिघडलं तर कंपनी बघती."

"आन मारकं निघालं तर?"

गयासभाई झाकण लावून ज्यूसर पुसायला लागला. मामा म्हणाले, "तुमचं चालू द्या, म्या तंबाखू आनतो." आणि बाहेर गेले.

आता दुकानात मी एकटा जाणकार! दाराशी मोसंबीचा रस काढायचं एक लोखंडी मशीन होतं. ज्यूस सेंटरवाले घेतात ते. माझ्या छातीएवढं उंच! उगाच आपला रुबाब म्हणून विचारलं, "हे केवढ्याला?"

गयासभाईनं भाव सांगितला. आकडा चांगलाच मोठा होता, पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ! "वाजवी आहे," मी म्हणालो. "असलंच एक आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. मीच दुरुस्त करतो."

"अरे वा!" म्हणत गयासभाईनं हात पुढं केला. मीही केला. आणि मागून आवाज आला, "झालं! बांधा मशीन!"

मामा तळहातावर तंबाखू घेऊन दारात उभे.

"अहो मामा, नाही! मी नुसतं..."

"भाव इचारला का न्हाई?"

"विचारला, पण..."

"त्यानं सांगितला?"

"सांगितला, पण..."

"मंग हातात हात दिला?"

"तो तर असाच दिला!"

"असाच?" मामांचा आवाज चढला. "भाव ऐकून हात दिला म्हंजी सौदा! त्यो मोडला तर बाजारात तोंड दाखवायला जागा ऱ्हात न्हाई, जावईबापू!"

गयासभाईला आधी काही कळेना. मग कळलं आणि तो पळत पळत दोरी आणायला गेला! तोवर चार माणसं जमली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई मला म्हणाल्या, "ज्यूसचं दुकान टाकतो का बाबा? बरं केलं. नोकरीचं काय खरंय आजकाल!"

झालं! मामांनी चुना लावता लावता हात थांबवला. माझ्याकडं बघितलं. मशीनकडं बघितलं.

"नोकरी गेली व्हय?" एकदम हळू आवाजात.

"मामा, नोकरी आहे! शप्पथ!"

"आशाला म्हाईत हाय?"

"काय माहीत असणार? गेलीच नाही तर!"

"लाज वाटून घिऊ नका. वंगाळ दिवस समद्यास्नी येत्यात." मामा फ्रीजच्या खोक्यावर मटकन बसले. "मशीन आपुन घिऊ. मपल्याजवळ एवढं न्हाई. पन येत्या बाजारात हौशाला काढतो."

आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! माझा फुकटचा रुबाब आणि जाणार बिचारा हौशा! जितकं नाही म्हणावं तितकी मामांची खात्री पटत होती. जमलेली माणसं माझ्याकडं बघून चुकचुकत होती. गयासभाई दोरीला गाठ मारत होता.

तेवढ्यात आतून काठी टेकत गयासभाईचे वडील आले, हैदरचाचा. पांढरी दाढी, कडक नजर. "क्या गडबड है?"

मामा उठून उभे राहिले. "गडबड न्हाई. सौदा झालाय. जावयानं हात दिलाय."

हैदरचाचांनी मला खालून वर बघितलं. मग मामांना विचारलं, "हात दिला. पर रुमाल किधर था?"

मामा थबकले.

"मी बैलबाजारात दलाली केली, पाव्हणे. उमर गेली त्याच्यात. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवल्याशिवाय सौदा होतो का? उघड्या हाताला सलाम-दुआ म्हणतेत!"

मामांनी आपल्या उपरण्याकडं बघितलं. मग कपाळावर हात मारून ओरडले, "आरं तिच्या! रुमाल व्हताच कुठं? सौदा झालाच न्हाई!"

"नहीं हुआ!" हैदरचाचा म्हणाले. गयासभाई हिरमुसून गाठ सोडायला लागला.

हुश्श! मी इतका मोठा श्वास सोडला की आजीबाई दचकल्या. त्या चाचांचे पाय धरावेत असं मला वाटलं. हौशा वाचला, मी वाचलो, आशाचा ओटा वाचला!

मग छोट्या ज्यूसरचा सौदा रीतसर झाला. दोघा म्हाताऱ्यांनी उपरण्याखाली हात घातले. वरून नुसतं उपरणं हलताना दिसायचं. मधेच चाचा मान हलवायचे, मधेच मामा हसायचे. शेवटी दोघांनी हात झटकले आणि एकमेकांना मिठीच मारली! भाव काय ठरला, कुणी सांगितलं नाही. मी पुढं सरकलो तर मामा ओरडले, "जावईबापू, हात खिशात ठिवा!"

घरी आशानं माझं कंपनीचं पगारपत्रक दाखवलं, तेव्हा कुठं मामांना नोकरीचं पटलं. मग मशीनला हळद-कुंकू लावलं, धोंड्याचं जेवण झालं आणि गाजराचा पहिला पेला मी एका दमात प्यालो. आहाहा! मामांनीही घोटभर घेतला. "ग्वाड हाय," म्हणाले.

एवढ्यात मी मशीनमधला चोथा कचऱ्यात टाकायला निघालो. मामा धावले.

"ह्ये टाकता? आवो, खरा माल तर ह्यो हाय!"

त्यांनी तो डब्यात भरून हौशासाठी नेला. तेव्हापासून नियमच झालाय. दर रविवारी रस मी पितो आणि चोथा एस.टी.नं करमाडला जातो.

परवा सासुरवाडीला गेलो. हौशा असा चकाकत होता की अंगावर माशी बसली तर घसरून पडावी! माझंही रक्त डॉक्टरनं पुन्हा तपासलं. होतं तेवढंच आहे.