धूम्रनाथाने तलवार का दिली?

चंपतराव लांजेवार यांनी आयुष्यात कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. बायकोला नाही, साहेबाला नाही, सायकलचं पंक्चर काढणाऱ्यालाही नाही. जे काही उलट बोलायचं असे, ते महाल भागातल्या वाचनालयाच्या पुस्तकांच्या समासात लिहीत. तिथे सही करावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

त्या वर्षी 'नवद्वीपांची गाथा' या कादंबरीमालेने वाचनालयाच्या सभासदांना वेड लावलं होतं. एकूण नऊ भाग यायचे होते, आणि लेखक वर्षाला जेमतेम एक लिही. तिच्यात धूम्रनाथ नावाचा एक देव होता. तो डोंगरावर धुरात बसून सगळं पाही आणि कोणाशी बोलत नसे. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर या धूम्रनाथाने आपली तलवार उचलून थेट करालदंत राक्षसाच्या हातात दिली, आणि तिथेच पुस्तक संपलं. देवाच्या मनात होतं तरी काय? सातवा भाग येईपर्यंत सभासद तोच सहावा पुन्हा पुन्हा नेत होते आणि समासात आपापले तर्क लिहीत होते.

चंपतरावांनी लिहिलं होतं, "देव राक्षसाला घाबरला. दुसरं काही नाही." पुढच्या खेपेला तोच भाग हाती आला तेव्हा त्याखाली कोणीतरी हिरव्या शाईने उत्तर दिलेलं होतं, "देव घाबरत नसतो. ही राजपुत्राची परीक्षा आहे. एवढेही न कळणाऱ्याने पुस्तकाचे पान नासवू नये."

चंपतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी निळ्या शाईचा पेन काढला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "परीक्षा शाळेत असते. आपली अक्कल पाहता आपण सरकारी अधिकारी असावेत, आणि तेही वशिल्याने लागलेले." शनिवारी संध्याकाळी पुस्तक परत केलं आणि घरी येऊन दोनदा वरणभात मागून घेतला.

सोमवारी सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत त्यांच्या टेबलावर एक फाइल परत आली. दोन महिन्यांपूर्वी भंडाऱ्याहून आलेले दुय्यम अधिकारी पांढरीपांडे साहेब यांनी तीत एक शब्द खोडला होता. दोन सरळ रेघा, आणि बाजूला बारीक आद्याक्षरं, 'कृ. पां.' सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी आद्याक्षरं टाकावी लागतात, हे काही नवीन नव्हतं. पण या रेघा, ही आद्याक्षरं आणि ही हिरवी शाई चंपतरावांनी परवाच पाहिली होती. त्या समासातही एक शब्द असाच खोडलेला होता, आणि सवयीचा जोर असा की साहेबांनी कादंबरीतल्या खाडाखोडीशेजारीही आद्याक्षरं टाकली होती. रागाच्या भरात चंपतरावांना तो शाईचा डाग वाटला होता. आता त्यांनी खिशातला निळा पेन घाईघाईने टेबलाच्या खणात दडवला.

कारण मे महिना होता आणि बदल्यांची यादी पांढरीपांडे साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती. एका कारकुनाला सिरोंच्याला पाठवायचं होतं. पावसाळ्यात जिथला रस्ताच बंद होतो तिथे मॅट्रिकला बसणारी मुलगी घेऊन जायचं कसं? चंपतराव तसेच सायकल मारीत वाचनालयात गेले.

"नत्थूजी, तो सहावा भाग द्या बरं जरा. मले एक गोष्ट खोडाची आहे."

"तो तर तुमच्याच हापिसातले पांढरीपांडे साहेब घेऊन गेले गा," ग्रंथपाल नत्थूजी म्हणाले. "तुमी शनिवारी ठेवला अन् ते मागोमाग आलेच. इथंच उभ्या उभ्या उघडून पाहिला. मंग एकदम खुर्चीच मागितली बसाले. पाणी प्यायले दोन गिलास."

घरी आल्यावर चंपतरावांनी बायकोला सगळं सांगितलं. कुसुमताईंनी कपाळावर हात मारला.

"अवो, पण त्यायले काय माहीत तुमी लिवलं म्हणून?"

"माहीत काहून नाही? माझं अक्षर रोज त्याच्या टेबलावर जाते!"

"मंग अक्षर बदलवा. अंगठ्याले चिंधी बांधा अन् डाव्या हातानं लिवा."

चंपतरावांना ते पटलं. भ्यायलेल्या माणसाला काहीही पटतं. मंगळवारपासून ते अंगठ्याला चिंधी बांधून डाव्या हाताने लिहू लागले. अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबडीसारखी दिसू लागली.

अडचण एवढीच होती की कचेरीचे मोठे साहेब स्वतः काही लिहीत नसत. हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारत सांगत, चंपतराव लिहून घेत, खाली साहेब फक्त सही करीत. हाताखालच्या अधिकाऱ्यांना जाणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या चंपतरावांच्या अक्षरात असत. साहेबांच्या स्वतःच्या हातचा एकच शब्द कचेरीला माहीत होता. फाइल पसंत पडली नाही की ते तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहीत, 'चर्चा.' तो शब्द पाहून एकदा एक ओव्हरसियर तीन दिवस रजेवर गेला होता.

आता पांढरीपांडे साहेब चिडतील, मेमो देतील, अशी चंपतरावांची अपेक्षा होती. झालं उलटंच. बुधवारी त्यांनी चंपतरावांच्या टेबलावर चहा पाठवला. गुरुवारी अंगठ्याची चौकशी केली. शुक्रवारी तर चंपतरावांचं टेबल कूलरसमोर हलवायला सांगितलं. मेच्या उन्हात गार वारा अंगावर येत होता आणि चंपतरावांना घाम फुटत होता. बळी द्यायच्या बकऱ्यालाही आधी हिरवा चारा देतात, हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी पांढरीपांडे साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावून घेतलं. ड्रॉवर उघडला. बदल्यांच्या यादीवर सहावा भाग ठेवलेला होता.

"लांजेवार," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही रोज मोठ्या साहेबांजवळ बसता. खरं सांगा, त्यांच्या मनात माझ्याविषयी काय चालू आहे?"

"जी?"

साहेबांनी पुस्तक उघडून ते निळं वाक्य दाखवलं. "हे पाहा. मी कोणाला काय लिहून बसलो! साहेबांच्या हातच्या इतक्या चिठ्ठ्या येतात मला, अक्षर नाही का ओळखणार? 'वशिल्याने लागलेले' म्हणतात. माझ्या मामांनी शब्द टाकला होता, हे यांना कसं कळलं? आणि तेव्हापासून साहेबांनी स्वतः चिठ्ठी लिहिणंच बंद केलं. आता तुमच्याकडून असल्या वाकड्या अक्षरात लिहून घेतात. म्हणजे माझ्यासाठी पेन उचलायचीही त्यांची इच्छा नाही. मला तर सिरोंचा दिसून राहिलं हो!"

चंपतरावांच्या जिभेवर खरं आलं होतं. ते म्हणणारही होते. पण साहेबांची मूठ पुस्तकावर होती आणि पुस्तकाखाली यादी होती. जीभ तशीच आत वळली.

"साहेब मनात ठेवत नाहीत," ते कसेबसे म्हणाले.

"मी माफी मागू का?"

"मागितलेली बरी."

"तोंडानं नाही जमणार. सातवा भाग परवा येऊन राहिला, नंबर माझा पहिला आहे. त्यातच लिहितो. साहेब वाचतीलच."

मोठे साहेब कादंबऱ्या वाचतात यावर चंपतरावांचा काडीचा विश्वास नव्हता. माफी समासात पडून राहील, यादी निघून जाईल आणि आपण वाचू, असा त्यांनी हिशेब केला. आठ दिवसांनी त्यांना बरीच झोप लागू लागली.

पंधराव्या दिवशी सातवा भाग चंपतरावांच्या हाती आला. पहिल्याच पानावर हिरव्या शाईत होतं, "सहाव्या भागातील आपले मत पूर्णपणे मान्य. देव घाबरलाच आहे. आपला आज्ञाधारक, कृ. पां." चंपतरावांना हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. तिथे लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, 'चर्चा.'

"नत्थूजी, हे पुस्तक मधात कोणी नेलं होतं?"

"तुमच्या मोठ्या साहेबांच्या घरून चपराशी येते ना. बाईच्या नावानं नेते अन् साहेब वाचते. तो सहावाही आता त्यायच्याकडंच आहे."

दुसऱ्या दिवशी पांढरीपांडे साहेबांनी चंपतरावांच्या पिशवीतला सातवा भाग मागून घेतला, तो लाल शब्द पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "साहेबांनी वाचलं! चला, तुम्ही सोबत चला. मला एकट्याला भीती वाटते." चंपतरावांनी अंगठा दाखवला, पोट दाबून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही.

मोठ्या साहेबांच्या टेबलावर सहावा भाग उघडा पडलेला होता. त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"हे हिरवं अक्षर तुमचं, पांढरीपांडे. अन् हे निळं तुमचं, लांजेवार."

पांढरीपांडे साहेबांनी हळूहळू मान वळवली. त्यांनी चंपतरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. चंपतरावांनी जमिनीकडे पाहिलं. सिरोंच्याचा रस्ता त्यांना फरशीवर स्पष्ट दिसत होता.

"दार लावा," मोठे साहेब म्हणाले. पुढे वाकून त्यांनी आवाज उतरवला. "आता मला सांगा, त्यानं तलवार काहून दिली? सातवा भाग वाचला, त्यातही नाही सांगितलं त्या माणसानं. दोन महिने झाले, मी डोकं खाजवून राहिलो. घरात कोणाला विचारायची सोय नाही. काय वाटते तुम्हाला?"

चंपतरावांनी पांढरीपांडे साहेबांचा आवळलेला जबडा पाहिला आणि डोळे मिटले. पांढरीपांडे साहेबांनी आपली हिरवी सही आठवली. दोघे एकदमच बोलले.

"परीक्षा, साहेब!" चंपतराव म्हणाले.

"घाबरला, साहेब!" पांढरीपांडे म्हणाले.

मोठे साहेब एकदा पुस्तकाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहू लागले. "पुस्तकात तर उलटं लिहिलं दोघांनी! म्हणजे या गोष्टीला अजून तिसरी बाजू आहे." त्यांचे डोळे चमकले. "बदल्यांची यादी आणा."

यादी आली. साहेबांनी लाल पेन्सिलीने तिच्यावर एक आडवी रेघ मारली.

"आठवा भाग येईपर्यंत या कचेरीतून कोणी कुठं जाणार नाही. रोज चार वाजता दोघांनी इथं यायचं. चर्चा."

त्या रात्री कुसुमताईंनी पाहिलं, तर देव्हाऱ्यासमोर चंपतराव हात जोडून बसले होते. इतकी वर्षं पुढचा भाग लवकर येऊ दे म्हणून नारळ बोलणारा माणूस आज अगदी डोळ्यांत पाणी आणून दुसरंच काही मागत होता.

"देवा," ते पुटपुटत होते, "त्या लेखकाले काही सुचू देऊ नको."