सानवीच्या गालाचा फोटो

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मृणाली रत्नागिरीत, ऑफिसात डबा उघडून बसली होती.

"सानवीच्या डागात मधोमध काळं दिसतंय. जखम झाली असेल तर बघायला हवं. आत्ताच घेऊन या."

मृणालीने हातातला घास तसाच डब्यात ठेवला. पाच महिन्यांच्या लेकीच्या गालावर तो लाल, फुगीर डाग. त्यावर लावायचे थेंब मूळचे डोळ्यांत घालायचे, त्यामुळे तिचा त्या बाटलीवर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. दर आठवड्याला डॉक्टरबाईंना फोटो धाडायचा असे. आज सकाळच्या घाईत राहिला म्हणून तिने ते काम सासूबाईंवर सोपवलं होतं. तिने फोटो मागवून मोठा करून पाहिला. काळं! चांगलं ठसठशीत काळं.

तिने जयगडला, बंदरावर कामाला असलेल्या नवऱ्याला फोन लावला. "गौरव, औषधानं गाल जळलाय रे तिचा!"

"आईला सांगू नको. हाय खाईल ती. मी कायतरी सांगून तिला दवाखान्यात धाडतो."

गौरवच्या 'कायतरी'ला कधी शेंडाबुडखा नसे. पालीहून रिक्षा करून सासूबाई, यमुनाबाई, दवाखान्यात आल्या त्या एका हातात नात, दुसऱ्यात पेजेचा डबा आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

"तुला काय झालां गो? चक्कर येवन पडलीस म्हनं!"

आधीच येऊन थांबलेल्या मृणालीने पोर ओढून घेतली. पोर खुदकन हसली, तशी हिला जास्तच रडू फुटलं.

डॉक्टरबाईंनी दिवा धरला, चष्मा पुसला, मग ओला कापूस गालावरून अलगद फिरवला. काळं कापसावर आलं.

"हे काय?"

"तीट," यमुनाबाई म्हणाल्या.

"डागावरच?" मृणाली किंचाळली. "दुसरी जागा मिळाली नाही तुम्हाला?"

"अगो, देवानंच तीट लावून धाडलान हिला! तो डाग होता तवर मना घोर नव्हता. आता ह्यांच्या औषधानं तो पुसत चाल्लाय. पोर उघडी पडली ना! म्हनून लावली त्याच जागेवर."

डॉक्टरबाईंनी हसू दाबून डाग बोटाने चाचपला. तो सपाट झाला होता, रंगही फिका गुलाबी. "औषध छान लागू पडतंय. पण आजी, काजळ डागावर नको हं. लावायचंच तर तळपायाला लावा."

लेकीला छातीशी धरून मृणाली आनंदाने बाहेर आली, तर बाकावरच्या बायांनी गराडाच घातला. "अगो बाय, गाल बघा कसा! लोण्याचा गोळा नुसता!"

मृणालीने झटकन ओढणी लेकीच्या तोंडावर ओढली, कोपऱ्यात जाऊन तिचा एक मोजा काढला आणि हळूच विचारलं,

"आई, काजळाची डबी आणलीत का हो?"