सेन्सेईंची दाढ आणि मोचीचा गोळा

दातावरची टोपी, म्हणजे कॅप, चिकटवणारा माझा लेप एकदा बसला की माणसाबरोबर चितेपर्यंत जाईल, असं मी डिसेंबरभर सांगत फिरत होतो. खोटं नव्हतं ते. दाताच्या टणक कवचाखाली डेंटिन असतं, कायम ओलसर. ओल्या भिंतीला कागद चिकटवून बघा, म्हणजे माझी सात वर्षं कशी गेली ते कळेल. बाकीचे डेंटिन वाऱ्याने खडखडीत वाळवायचे. मी ते किंचित ओलं ठेवलं, लेप वीस सेकंद चोळला, आणि काय सांगू, चिकटलेलं ओढून बघणारं यंत्र दमलं!

पण आमचे विभागप्रमुख कुरोसे सेन्सेई यंत्राला भीक घालत नाहीत. त्यांनी स्वतः केलेला लेप आमच्या दंत कॉलेजात वर्षानुवर्षं वापरतात.

"मिनेगिशी," ते म्हणाले, "तुझ्या लेपाने माझ्या उजव्या दाढेवर टोपी बसव. वर्षअखेरीला मी मोची खाणार. टिकली तर वसंतात रुग्णांवर चाचणी, नाहीतर तुझा लेप कपाटात."

कुटलेल्या चिकट भाताचा तो गोळा दर नववर्षाला निम्म्या गावाच्या टोप्या उपटतो. तरी मी टोपी बसवली.

अठ्ठावीस तारखेला कॉलेजच्या अंगणात मोची कुटायला उखळ मांडलं. डीनही आले. सेन्सेईंनी सोयाबीनच्या पिठात घोळलेली मोची तोंडात टाकली, दोनदा चावली आणि थांबले. मग त्यांनी गोळा हळूच बाहेर काढला. पिठाखाली काहीतरी टणक रुतलं होतं. टोपीच ती, आणि माझीच, असं मी धरून चाललो.

आमच्या जपानात आधी माफी, मग चौकशी. मी बर्फात गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. लेप कच्चा, आकडे घाईचे, चाचणी मीच मागे घेतो, असं डीनसमोर ठणकावून सांगितलं. आवाज इतका छान लागला की दोन परिचारिकांना रडू आलं. डीननी मोठ्या मनाने माफ केलं. सेन्सेई नुसतं "हं" म्हणाले.

मी उठलो, तोवर थोरल्या परिचारिका तोमिझुकाबाईंनी गोळा धुऊन टोपी बशीत ठेवली होती. चांदीची! मी बसवलेली तर पांढरी होती. ही त्यांच्या डावीकडच्या दाढेची, अठरा वर्षांपूर्वी सेन्सेईंच्याच लेपाने बसवलेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बशीवर रुमाल टाकला. मागितलेली माफी आता परत कशी घेणार?

दुपारी सेन्सेईंनी मला तपासणीच्या खोलीत बोलावून दार लावलं, खुर्चीत आडवे झाले आणि आ केला. माझी पांढरी टोपी जागच्या जागी होती.

"डावी बसव," ते म्हणाले.

"कोणत्या लेपाने, सेन्सेई?"

त्यांनी मान वळवून दार नीट लागलंय ना ते बघितलं. "तुझ्या."

पण माझा लेप सकाळीच कपाटात गेला होता, वर कुलूप. किल्लीसाठी अर्ज लागतो. तो सेन्सेईंनी स्वतःच्या हाताने भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सदोष नमुना नष्ट करण्यासाठी'. खाली सही मात्र माझी घेतली, आणि मी वाकून, आभार मानून ती केली.