बारापर्यंत मौन

मृणालिनीने सगळं इतकं चोख बसवलं होतं की देवालाही फट सापडली नसती. चातुर्मासातला गुरुवार, म्हणजे उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तिचं मौन. समतेची बैठक अडीचला. मधले अडीच तास घसा मोकळा करायला आणि एक लवंग चघळायला. चौतीस स्लाइड्स तयार होत्या. पाऊण तासाचं भाषण तिने मुलुंडच्या घरी देवघरासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की सासूबाई पोळ्या लाटताना ‘सर्वांना समान संधी’ असं पुटपुटू लागल्या होत्या.

अंधेरीच्या या पंख्यांच्या कंपनीत अकरा वर्षं तिने रजेचे अर्ज सांभाळले. सहा महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून फर्मान आलं की प्रत्येक शाखेत समता आणि समावेश अधिकारी हवा. ती कुणाशी भांडत नाही, एवढ्याच गुणावर नंदकिशोर साहेबांनी तिला नेमलं. तेही तात्पुरतं. आजची बैठक रंगली तर कायम, नाहीतर परत रजेचे अर्ज.

साडेनऊला ऑफिसात पाऊल ठेवते तोच मोबाईलवर निरोप. साहेबांचं दुपारचं विमान आहे, बैठक दहाला.

मौन मोडावं? सोळा वर्षांत ते दाढ काढतानासुद्धा मोडलं नव्हतं! घेतला वसा टाकायचा नाही, आणि मौनात लिहून सांगणंही चालत नाही. तिने पर्समधून घरचं कार्ड काढलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर हिरव्या स्केचपेनने लिहिलेलं: ‘माझं मौन आहे. तुम्ही बोला, मी ऐकते आहे.’ दूधवाला, कुरिअरवाला आणि सासूबाई यांच्यासाठी ते बनवलं होतं. ते टेबलावर उभं करावं आणि खुणेने बैठक पुढे ढकलावी, असा तिचा बेत.

साहेबांनी कार्ड मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं.

“बघा,” ते सगळ्यांना म्हणाले, “अधिकारी असून स्वतः गप्प. आपल्याला बोलायला जागा करून दिली. हे शिकायला लोक परदेशात जातात.”

मृणालिनीने जोरजोरात नकाराची मान हलवली.

“नाही म्हणतायत,” हिशेबातली कल्पिता म्हणाली. “म्हणजे साहेब, तुम्ही पण गप्प बसा.”

साहेब गप्प बसले. मृणालिनीने घाईघाईने भिंतीवरच्या घड्याळातल्या बारावर बोट दाखवलं.

“बारापर्यंत चालणार म्हणतायत,” कल्पिताने सगळ्यांना समजावलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं, विमान आठवलं आणि सुस्कारा सोडला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मृणालिनी पदराचं टोक पिळत होती, टेबलाखाली तिचे पाय शिवणयंत्र चालवत होते. जिभेवर चौतीस स्लाइड्स रांग लावून उभ्या.

“मग मीच सुरू करते,” कल्पिता म्हणाली. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. “दोन वर्षं मी डबा थंड खाते. का, तर मायक्रोवेव्हवर चिठ्ठी आहे, मासे गरम करू नयेत. माझी आई बाजारात मासळी विकते, त्यातलीच सुरमई मला देते, आणि मी ती जिन्यात बसून थंडगार खाते. चिठ्ठी कोणी लावली ते कधी कळलं नाही ना.” तिची नजर कार्डावर गेली आणि तिथेच राहिली. “आता कळलं. तेच हिरवं पेन. आणि तो ‘म’ पण तोच, पोट सुटलेला.”

दहा माना कार्डाकडे वळल्या, मग मृणालिनीकडे.

तिची बाजू एका ओळीची होती. चिठ्ठी एका संकष्टीपुरती होती हो, संध्याकाळी काढायची राहून गेली. बारा वाजायला अजून एक तास पन्नास मिनिटं. ती ओळ तिने मनात घोळवली, आणि प्रत्येक वेळी ती आणखी लंगडी वाटली. त्याच जिन्यावरून ती दर गुरुवारी सगळ्यांना प्रसाद वाटत जायची. कल्पितालासुद्धा.

ती उठली. पॅन्ट्रीत जाऊन नखांनी चिठ्ठी खरवडली, चिकटपट्टीचा मळका चिकटा बोटांसकट परत आणला, तुकडे कल्पितासमोर ठेवले आणि हात जोडले.

“मग मी पण बोलते,” चहाचा ट्रे ठेवत सुंदराबाई म्हणाल्या. “बारा वर्षं तुमच्या बैठकीत चहा आणतेय, मला कोणी बस म्हणालं नाही.”

साहेबांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. सुंदराबाई ऐसपैस बसल्या. उभ्या उभ्या साहेबांनाही कढ आला. “मी जेवायला आलो की सगळे उठून जातात. मला एकट्याने जेवायला लागतं.”

“न विचारता दुसऱ्याच्या डब्यात चमचा घालता सायेब तुम्ही,” खुर्चीतून उत्तर आलं.

मग जो धबधबा लागला, त्यात विमान वाहून गेलं.

ठीक बाराला मृणालिनीने ‘श्रीराम’ म्हटलं, पहिली स्लाइड लावली आणि तोंड उघडलं. “नमस्कार. समता म्हणजे—”

खुर्च्या सरकल्या. “मॅडम, चला जेवायला,” कल्पिता डबा घेऊन म्हणाली. “आज मायक्रोवेव्हला माझा पहिला नंबर.”

चार वाजता साहेबांनी तिच्या हातात कायम केल्याचं पत्र ठेवलं. विमान चुकल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. तिघांनी त्यांना आपल्यात जेवायला बसवलं होतं.

“साहेब, माझ्या स्लाइड्स राहिल्या,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या गुरुवारी अडीचला ठेवू?”

“छे, दहालाच. आजच्यासारखंच.”

“पण मला बोलायचं होतं.”

“मॅडम, खरं सांगू? तुम्ही बोलला असतात, तर आम्ही कोणी ऐकलं असतं?”

याला तिच्याकडे उत्तर होतं. तेराव्या स्लाइडपासून एकोणिसाव्यापर्यंत बायकांना बोलू देण्याविषयीच तर होतं सगळं. पण पत्रावरची सही अजून ओली होती आणि साहेबांचं पेन अजून उघडं. तेव्हा चार वाजून गेले असूनही ती गप्प बसली.