शौकतभाईंना आणायला

जुलै महिन्यात, भर दुपारी, डिस्कव्हरी गार्डन्सच्या पार्किंगमध्ये उभं राहून आकाशाकडे बघणारा माणूस एक तर दुबईत नवा आलेला असतो, नाही तर त्याला ऊन तरी लागलेलं असतं. शौकतभाई साखरकर दोन्हींत बसत नव्हते. तीस वर्षं दुबईत काढलेला शहाणासुरता माणूस. पण आम्ही सगळे गाडीतून उतरून मान खाली घालून दरवाज्याकडे पळत असताना हे पार्किंगच्या मधोमध उभे, तोंड उघडं, एक हात कपाळावर. आमच्या बिल्डिंगच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, एकदा घाबरून त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतली होती. त्यांनी ओल्या डोक्यानेच त्याला वर बोट दाखवलं, "देखो, हवा उठ रही है!" नातूरने बघितलं. मीही बघितलं. वर काहीही नव्हतं.

शौकतभाई मूळचे हर्णैचे. नोकरी मोठमोठ्या इमारतींचे एसी सांभाळण्याची. पण शनिवार उजाडला की ते ग्लायडर उडवायचे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरीने ओढून वर नेतं आणि सोडून देतं. पुढचं आपलं आपण बघायचं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते. ती शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची कमवायची आणि ती उंची संपायच्या आत पुढची हवा गाठायची. उन्हाळ्यात शहाणे लोक हा उद्योग बंद ठेवतात. वाळवंटातला हा छोटा क्लब मात्र नेमका उन्हाळ्यात स्पर्धा घ्यायचा, कारण हवा तेव्हाच सगळ्यात उंच नेते. दहा शनिवार ठरलेल्या खुणांना वळसा घालून धावपट्टीवर परत यायचं, आणि दहाही दिवसांचे गुण मिळून एक विजेता. त्याचं नाव क्लबातल्या लाकडी बोर्डावर रंगवायचे. अकरा वर्षं शौकतभाईंना त्या बोर्डावर आपलं नाव हवं होतं. दोनदा ते दुसरे आले. दुसऱ्याचं नाव रंगवत नाहीत.

आणि हा त्यांचा शेवटचा उन्हाळा. सप्टेंबरात रिटायर होऊन ते कायमचे हर्णैला निघाले होते.

त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या. वर जाणारी हवा ती लिफ्ट, खाली जाणारी ती सिंक. नवा मॅनेजर भेटला की "फुल सिंक आहे हबीबी." बिर्याणी जमली की "आज लिफ्ट आहे!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं पंधरा दिवसांचं बाळ बघायला गेले, नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "माशाल्ला, चांगली लिफ्ट आहे." त्या बाई अजून विचार करतायत.

जूनमध्ये माझी जुमेरा लेक टॉवर्समधली नोकरी गेली. बायको आणि मुलगी शाळेच्या सुट्टीत नाशिकला होत्या. बायकोला मी फोनवर सांगायचो, "इंटरव्ह्यू चालू आहेत." कसले इंटरव्ह्यू! पडदे ओढून पलंगावर पडून होतो. आणि स्पर्धेच्या पहिल्याच शनिवारी दारावरची बेल वाजली.

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे?" शौकतभाई दारात.

"आहे. का?"

"माझा क्रू मुलतानला गेला. क्रू नसला तर मला स्पर्धेत घेत नाहीत. पिकअप चालवायची, बस. यल्ला, चल."

"शौकतभाई, मला जरा बरं नाही..."

"सिंक आहे, दिसतंय मला. सिंकमध्ये थांबायचं नसतं. नाक खाली कर, स्पीड वाढव, बाहेर पड. चप्पल घाल."

क्रूचं काम साधं. वैमानिकाला हवा मिळाली नाही तर तो मिळेल त्या सपाट जमिनीवर उतरतो. मग क्रूने पिकअपमागे लांबलचक ट्रेलर जोडून तिथे जायचं, विमानाचे पंख सोडवायचे आणि सगळं भरून माणसासकट परत आणायचं. "घाबरू नको," ते म्हणाले, "अकरा वर्षांत मी दोनदाच बाहेर उतरलोय. तू क्लबात बसून चहा पी." मी चहा तोंडाला लावला आणि फोन आला.

"उतरलोय. ये."

एका उंटांच्या फार्मवर उतरले होते. मी रस्ता चुकत, वाळूत रुतत, देवाचं नाव घेत पोचलो तर साहेब पंखाच्या सावलीत बसून फार्मच्या सुदानी राखणदाराबरोबर खजूर खातायत. असरची नमाज पढून झाली होती, जाजम अजून अंथरलेलंच होतं. आजूबाजूला चार उंट, विमानाकडे बघून तोंड वाकडं करत. पंखाचं टोक माझ्या हातात देत ते ओरडले, "हळू! सासूबाईंना गाडीतून उतरवतोस तसं!" त्या रात्री किती तरी दिवसांनी मला झोप लागली.

मग हे दर शनिवारचंच होऊन बसलं. कधी खजुराच्या बागेजवळ, कधी कुठल्या कडक मैदानात. आठ शनिवारांत सहा वेळा. त्यांचं नाव गुणतक्त्यात तळाला गेलं आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी रागवायचो, "शौकतभाई, शेवटचं वर्ष आहे, जरा मनावर घ्या!" ते म्हणायचे, "हवाच नव्हती रे." आणि परतीच्या वाटेवर माझा इंटरव्ह्यू घ्यायचे. "टेल मी अबाउट युअरसेल्फ." मी सुरू करायचो. "थांब थांब, ती वावटळ बघ, काय लिफ्ट असेल! हां, बोल, व्हाय शुड वी हायर यू?" असल्या इंटरव्ह्यूनंतर खरे इंटरव्ह्यू म्हणजे अगदीच सोपे. मी अर्ज करायला लागलो, दाढी करायला लागलो. मुलीला व्हिडिओ कॉलवर ग्लायडर दाखवलं. ती म्हणाली, "बट बाबा, व्हेअर इज द इंजिन?" मी म्हटलं, "बाळा, इंजिन मागून पिकअपने येतं."

ऑगस्टमध्ये मला सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी लागली. त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी शौकतभाई सगळ्यांच्या आधी धावपट्टीवर परत. दोन्ही दिवस पहिले. पण दहा दिवसांची बेरीज केली तर नऊ जणांत सातवे. बोर्डावर नाव लागलं एका डच दाताच्या डॉक्टरचं.

शेवटच्या दिवशी गुण मोजणाऱ्या मार्गारेटबाईंनी मला बाजूला बोलावलं. प्रत्येक ग्लायडरमध्ये उंची आणि वाट नोंदवणारं एक छोटं मशीन असतं. त्याच्या रेघा कॉम्प्युटरवर दाखवत बाई काळजीने म्हणाल्या, "तुमच्या मित्राची तब्येत ठीक आहे ना?" सहाही वेळा शौकतभाई दीड हजार मीटरवर होते. आरामात परत येता आलं असतं. सहाही वेळा ते वाट सोडून एखाद्या फार्मकडे वळले होते आणि पंखांवरचे ब्रेक उघडून शांतपणे खाली उतरले होते.

घरी येताना मी पिकअप चालवत होतो. अर्ध्या रस्त्यात राहवलं नाही. विचारलं.

"ते मशीन चुगलखोर आहे," ते म्हणाले.

"पण का, शौकतभाई?"

"नातूर म्हणाला, तीनशेचारवाला नऊ दिवस खाली आलेला नाही. कचऱ्याची पिशवी पण बाहेर नाही."

"मग नुसतं म्हणायचं, चल फिरायला."

"आला असतास?"

नसतो आलो.

"माणूस स्वतःसाठी उठत नाही, जगताप. दुसरा उन्हात बसलाय म्हटलं की उठतो."

"तो बोर्ड कोण वाचतो, असं तरी म्हणा आता," मी म्हणालो.

"मी वाचतो," ते म्हणाले. "दर शनिवारी. वरपासून खालपर्यंत."

मी पिकअप कडेला घेतली. आपल्या माणसाला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही, पण मी म्हणालो. दोनदा म्हणालो.

"एकदा ऐकलं की. दुसरं कशाला?"

"दुसरं बोर्डाचं."

त्यांनी समोरच्या काचेतून वर आकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? दोन-तीन वेळानंतर मलापण आवडायला लागलं होतं. आधी लांब धूळ दिसते. मग पिकअप दिसते. आपल्यालाच शोधत येतेय हे कळतं. तीस वर्षं बायको-पोरी हर्णैला, मी इथे. सुट्टीवरून परत आलो की एअरपोर्टवरून टॅक्सी करायची आणि कुलूप उघडायचं. मला आणायला कोण येणार? खलास, चल आता."

सप्टेंबरात ते गेले. जानेवारीत कसल्याशा कागदांवर सह्या करायला चार दिवस येणार होते. फोनवर त्यांनी मला बजावलं, "रविवार आहे, उगाच धावत येऊ नको, मी टॅक्सी करीन." विमान अकराला उतरणार होतं. मी बायकोला आणि मुलीला घेऊन दहालाच जाऊन उभा राहिलो.